लाजतंय कोण आणि बोलतंय कोण

रत्नागिरीतल्या दहावी-बारावीच्या पोरांना ॲनिमेबद्दल विचारलं, तर उत्तर ‘नारुतो’, ‘वन पीस’ किंवा ‘डीमन स्लेयर’ असंच येतं. तलवारी, राक्षस, सूड. चारचौघांत सांगायला हे बरं असतं. त्याच मोबाइलवर प्रेमाची एखादी मालिकाही असू शकते, पण तिचं नाव कुणी काढत नाही. नाव काढलं की चिडवणं आलं, आणि या वयात चिडवण्याइतकी दुसरी भीती नसते. गंमत अशी, की त्या मालिकांचा विषय नेमका हाच असतो: आवडतं, पण सांगता येत नाही, आणि कुणाला कळलं तर काय?

अशा लाजऱ्या, पहिल्याच प्रेमाचं खरंखुरं चित्रण जपानी ॲनिमेत कुठे झालं, मराठीत कुठे झालं, आणि कोकणच्या वाट्याला त्यातलं काय आलं, एवढं इथे तपासायचं आहे.

आधी केर काढू. प्रेमाचं बहुतेक ॲनिमे खरं नसतं. नायक-नायिका वळणावर एकमेकांवर आपटतात, तो चुकून तिच्या अंगावरच पडतो, आईवडील सोयीस्करपणे परदेशात असतात आणि एका मख्ख मुलाभोवती पाच मुली घुटमळतात. हा माल ढिगाने निघतो, खपतोही. पंधरा वर्षांच्या मुलाला त्यातून प्रेमाबद्दल काही कळेल, तर ते चुकीचंच कळेल. तो बाजूला सारला की हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या गोष्टी उरतात. त्या मात्र फार चांगल्या आहेत.

त्यात ‘त्सुकी गा किरेई’ला मी सगळ्यात वर ठेवतो. २०१७ची ही मालिका बारा भागांची आहे. दिग्दर्शक सेइजी किशी, पटकथा युको काकिहारा. गोष्ट तोक्योजवळच्या कावागोए या जुन्या गावात घडते. कोतारो आणि आकाने दोघंही आपल्याकडच्या नववी-दहावीच्या वयाची. तो लेखक व्हायची स्वप्नं पाहतो आणि ओसामु दाझाई या लेखकाला वाचतो. ती पळते, शाळेच्या संघात आहे. ओळख होते तीच लाज वाटेल अशा जागी. दोन्ही कुटुंबं एकाच हॉटेलात जेवायला येतात आणि आयांच्या गप्पा सुरू होतात. आपण कुणाची तरी लेकरं आहोत, आणि आपली आई आवडत्या माणसासमोर मोठ्याने बोलते आहे. या वयात याहून मोठं संकट कुठलं? जिने हा प्रसंग लिहिला तिला शाळेतले दिवस नीट आठवत असणार.

पुढे फार काही घडत नाही, आणि तेच या मालिकेचं बळ आहे. आकाने घाबरली की हातातलं रताळ्याच्या आकाराचं लहानसं खेळणं दाबत बसते. कोतारो खोलीत एकटा असला की दिव्याच्या लोंबत्या दोरीला ठोसे मारतो. दोघं वर्गात एकमेकांकडे बघतही नाहीत, रात्री मोबाइलवर मेसेज लिहितात, खोडतात, पुन्हा लिहितात. तो शेवटी विचारतो, तेव्हा ती विचार करायला वेळ मागून घेते. लगेच शाळेची सहल निघते आणि शिक्षक त्याचा मोबाइल जप्त करतात. झालं! दोन अंकी नाटकाला पुरेल एवढा ताण तिथे उभा राहतो. खलनायक नाही, प्रतिस्पर्धी आहेत तेही चांगलेच आहेत. अडथळा घशात आहे, बाहेर नाही.

कोतारोबद्दल आणखी एक सांगायला हवं. कावागोएच्या उत्सवात तो पारंपरिक वाद्यांच्या साथीने नाचतो. अभ्यासात जेमतेम, बोलण्यात त्याहून कमी. पण मिरवणुकीच्या रथावर चढला की वेगळाच मुलगा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. दिवसा बाकावर मान खाली घालून बसणारा मुलगा रात्री जाखडीत पायात चाळ बांधून घुमतो, शिमग्यात पालखी खांद्यावर घेऊन नाचवतो, आणि गर्दीत ती बघते आहे का, एवढंच त्याला बघायचं असतं. हे दृश्य आपल्या गावोगावी दरवर्षी घडतं. मराठी पडद्यावर ते मला आठवत नाही.

जपान्यांना ही शांतता जमते कशी? एक कारण पैशाचं आहे. ओसामु तेझुका यांची ‘टेत्सुवान ॲटम’ १९६३ साली दूरचित्रवाणीवर आली, तेव्हापासून तिथल्या मालिका कमी चित्रांत भागवायला शिकल्या. एकच चित्र पडद्यावर थांबवून ठेवायचं, पात्राचा आवाज ऐकवायचा, मधे खिडकी, विजेच्या तारा, रिकामा जिना दाखवायचा. मारामारीत ही काटकसर उघडी पडते. लाजऱ्या माणसाला मात्र ती अंगच्या कपड्यासारखी बसते, कारण लाजरं माणूस मुळात हलतच नाही. ते उभं राहतं, आणि सगळी धावपळ आत चाललेली असते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९७०च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया अशा तरुण बायकांनी जपानमधली मुलींची चित्रकथा मासिकं बदलून टाकली. पात्र तोंडाने एक बोलतं आणि मनात दुसरंच म्हणतं, हे दोन्ही एका पानावर मांडायची रीत या मासिकांत मुरली. आजच्या चांगल्या प्रेम-ॲनिमेमागे बहुतेक वेळा एखादी चित्रकथा आणि तिची लेखिका असते. ‘किमी नी तोदोके’ कारुहो शीना यांची, ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’ आओइ हिइरागी यांची, ‘स्किप अँड लोफर’ मिसाकी ताकामात्सु यांची, ‘अ सायलेंट व्हॉइस’ योशितोकी ओइमा यांची. म्हणजे मुलीच्या मनात काय चाललंय हे तिथे एकेकाळच्या मुलीच सांगत आल्या आहेत.

‘किमी नी तोदोके’ची सावाको याचं उत्तम उदाहरण. मालिका २००९ साली सुरू झाली. लांब काळे केस आणि पडलेला चेहरा यांमुळे वर्गातली मुलं तिला ‘रिंग’ या भुताच्या सिनेमातल्या सादाकोच्या नावाने हाक मारतात. तिच्याकडे बघितलं तर शाप लागतो म्हणतात. काझेहाया हा सगळ्यांचा लाडका मुलगा तिच्याशी नीट बोलतो आणि तिची पंचाईत होते. आपण कुणाला आवडू शकतो, ही शक्यताच तिच्या हिशेबात नसते. तिला आधी मैत्रिणी मिळवायच्या आहेत, प्रेम त्यानंतर. पहिल्या पर्वाचे पंचवीस भाग संपतात तरी कबुली होत नाही. काही प्रेक्षक वैतागतात. मला हा वेग बरोबर वाटतो. ज्या मुलीला आजवर कुणी डबा खायला बोलावलं नाही, ती सहा महिन्यांत प्रेम कबूल करते हे दाखवलं असतं तर ते खोटं झालं असतं.

‘द डेंजर्स इन माय हार्ट’ उलट बाजूने जाते. ही २०२३ची मालिका शिन-एइ ॲनिमेशन या स्टुडिओची. आपल्या घरात रोज दिसणारे डोरेमॉन आणि शिनचॅन याच स्टुडिओतून येतात. इचिकावा हा बुटका, घुमा मुलगा स्वतःला भयंकर माणूस समजतो, खुनांची पुस्तकं वाचतो आणि सगळ्या वर्गाला तुच्छ लेखतो. वर्गातली देखणी यामादा शाळेच्या ग्रंथालयात चोरून खाऊ खाते हे त्याला दिसतं आणि त्याचा सगळा भयंकरपणा हळूहळू गळून पडतो. आपण हिला आवडणं शक्य नाही असं तो धरून चालतो, आणि ती मात्र साध्या साध्या गोष्टींतून जवळ येत राहते. मुलाची लाज बऱ्याचदा गुर्मीचं सोंग घेऊन येते, हे इतकं नेमकं क्वचितच कुणी लिहिलं असेल. मूळ चित्रकथेची लेखिका नोरिओ साकुराई आहे. बाई मुलाच्या मनात शिरून असं लिहू शकते, तर आपले लेखक मुलीच्या मनाच्या दारातच का थांबतात, हा प्रश्न इथून मराठीकडे येताना बरोबर घेऊ.

मराठीत या विषयाचा पाया ‘शाळा’ने घातला. मिलिंद बोकील यांची कादंबरी २००४ची. सुजय डहाके यांचा सिनेमा जानेवारी २०१२मध्ये आला आणि त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र, अर्धवट बांधलेल्या इमारतीतला अड्डा आणि त्याला आवडणारी शिरोडकर. ती दिसावी म्हणून केलेल्या खटपटी, ती हसली की नाही यावर दिवसभर चाललेलं चिंतन, कोण कुणाला लाइन देतं याचा हिशेब: हे सगळं आजही जसंच्या तसं खरं आहे. मोबाइल आला, लपवालपवी तीच राहिली. बोकिलांनी दुसरी एक गोष्ट फार चोख केली. मुकुंदाच्या हळव्या प्रेमाशेजारी त्यांनी त्याच्या मित्राचा, सुऱ्याचा प्रकार ठेवला. तो केवडा या मुलीला थेट विचारतो आणि प्रकरण शाळेपर्यंत जातं. त्या शाळेत विचारणं हाच गुन्हा आहे, हे एकदा दिसलं की मुकुंदाचं गप्प राहणं कवितेसारखं वाटेनासं होतं. तो शहाणपणा ठरतो.

पण शिरोडकरला काय वाटत होतं? वाचून झाल्यावर हा प्रश्न ज्याला पडला नाही, तो मुलगा असणार. मुकुंदासाठी ती आडनावानेच राहते. हुशार आहे, धीट आहे, त्याच्याशी बोलते. पण तिच्या मनात आपण कधी शिरत नाही. कादंबरी मुकुंद सांगतो, त्यामुळे हा दोष नाही, निवड आहे. अडचण अशी की पुढच्या सगळ्यांनी तीच निवड केली. रवी जाधवांचा ‘बालक-पालक’ कुतूहलाचा सिनेमा आहे, प्रेमाचा नव्हे. त्यांचाच ‘टाइमपास’ २०१४च्या जानेवारीत आला आणि तुफान चालला. तिथे नायिकेचं, प्राजक्ताचं काम शिरोडकर झालेल्या केतकी माटेगावकरनेच केलं. नायक दगडूचे संवाद लोकांना पाठ झाले, प्राजक्ताचे किती जणांना आठवतात ते विचारून बघा. २०२३च्या ‘आत्मपॅम्फ्लेट’मध्ये दिग्दर्शक आशिष बेंडे आणि लेखक परेश मोकाशी यांनी शाळेतल्या एका लांबलेल्या एकतर्फी प्रेमातून देशाचा इतिहास आणि जात फार मिश्किलपणे सांगितली. सिनेमा मला आवडला. पण शीर्षकातच ‘आत्म’ आहे आणि तो आत्मा मुलाचाच.

‘फँड्री’ला मात्र हे माप लावून चालणार नाही. नागराज मंजुळे यांचा हा सिनेमा १४ फेब्रुवारी २०१४ रोजी, म्हणजे प्रेमदिनीच प्रदर्शित झाला. कैकाडी समाजातल्या जब्याला शालू आवडते. तो तिच्याशी बोलत नाही. काळी चिमणी पकडून तिची राख शालूवर टाकली की ती वश होईल, असं त्याने ऐकलेलं आहे. शेवटी त्याला साऱ्या गावासमोर, शाळेसमोर, शालूसमोर डुक्कर पकडायला लागतं. इथे कळतं, की कोतारोची लाज आणि जब्याची लाज एक नाही. कोतारो बोलला आणि ती नाही म्हणाली, तर तो रडेल. जब्या बोलला तर त्याच्या बापाचं काय होईल? निव्वळ लाजायला मागे थोडी सुरक्षितता असावी लागते. जपानी मालिकांतल्या बहुतेक मुलांकडे ती असते आणि म्हणूनच त्या इतक्या निवांत असतात. जातीसारखी, गरिबीसारखी गोष्ट त्यांच्या प्रेमकथांत जवळजवळ येतच नाही. ‘अ सायलेंट व्हॉइस’ हा मोठा अपवाद. २०१६चा, नाओको यामादा यांनी दिग्दर्शित केलेला. ज्या कर्णबधिर मुलीला प्राथमिक शाळेत छळलं, तिच्यासमोर मोठेपणी उभं राहणाऱ्या मुलाला मान वर करता येत नाही. ती लाज पापाची आहे. ती मुलगी धीर करून आपलं प्रेम तोंडाने सांगते, आणि त्याला ऐकलेलं कळत नाही. हा सिनेमा आणि ‘फँड्री’ एका बैठकीत बघू नयेत, झोप लागत नाही.

‘सैराट’चा उल्लेख इथे एवढ्यासाठीच, की तिथेही लाजण्याचं काम मुलाने केलं, परशाने. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, डोळ्याला डोळा देते. त्या अदलाबदलीचा महाराष्ट्राला केवढा आनंद झाला! शेवट आपल्याला माहीत आहे.

आता एक योगायोग. या गोष्टींत प्रेमाची कसोटी लागते ती बहुतेक वेळा बदलीने किंवा गाव सुटण्याने. शिरोडकरचं कुटुंब गाव सोडून जातं. आकानेच्या वडिलांची बदली होते आणि कोतारो तिच्या गावाजवळच्या शाळेची परीक्षा देऊन नापास होतो. माकोतो शिंकाई यांच्या २००७च्या ‘फाइव्ह सेंटिमीटर्स पर सेकंद’मध्ये ताकाकी आणि आकारी ही दोन मुलं आईवडिलांच्या बदल्यांनीच एकत्र येतात आणि बदल्यांनीच दुरावतात, तेरा वर्षांचा ताकाकी तिला भेटायला बर्फात रखडलेल्या गाडीत तासन् तास बसून राहतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेने प्रवास केलेल्यांना ते बसणं वेगळं सांगायला नको. मात्र मराठी गोष्ट शिरोडकरच्या जाण्यापाशी थांबते आणि जपानी गोष्टी त्याच्या पुढेही जातात. रत्नागिरी जिल्ह्याचं ठिकाण. बँक, कोर्ट, कलेक्टर कचेरी यांच्या बदल्यांवर इथल्या वर्गांचे पट दरवर्षी बदलतात. इथल्या लेखकाला हा विषय शोधायला लांब जावं लागणार नाही.

पण कोकणाकडे सिनेमावाले येतात ते बहुधा देखाव्यासाठी. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ याला सन्माननीय अपवाद आहे. गुहागरच्या परिसरात चित्रित झालेल्या या सिनेमाला २०१४मध्ये बर्लिनच्या महोत्सवात बालप्रेक्षकांच्या परीक्षक मंडळाचं क्रिस्टल बेअर मिळालं. आईच्या बदलीमुळे आलेला अकरा वर्षांचा चिन्मय, पाऊस, किल्ला, नवे मित्र, आणि पुन्हा बदली. त्यात प्रेमकथा नाही, वयही नाही. तरी त्याचा श्वास चांगल्या ॲनिमेच्या सगळ्यात जवळचा आहे. चिन्मय आणखी तीन-चार वर्षांनी मोठा असता तर, असं तो बघताना सारखं वाटतं.

रत्नागिरीतली सर्वांत गाजलेली पहिल्या प्रेमाची गोष्ट मराठीत नाही, इंग्रजीत आहे. अमिताव घोष यांच्या २०००च्या ‘द ग्लास पॅलेस’मध्ये राजकुमार हा अनाथ पोरगा मंडालेच्या राजवाड्यात लुटीच्या धामधुमीत डॉलीला बघतो, आणि वर्षांनी तिला शोधत थेट रत्नागिरीला येतो, कारण ब्रह्मदेशच्या थिबा राजाच्या परिवारासोबत तीही इथे स्थानबद्ध झालेली असते. थिबा पॅलेस बघायला येणाऱ्यांपैकी कितींना हे माहीत असतं कोण जाणे.

जपानी मालिका-सिनेमे मात्र अशा समुद्रकाठच्या गावांना सोडत नाहीत. जिब्ली स्टुडिओचा १९९३चा ‘ओशन वेव्हज’ कोची या किनाऱ्यावरच्या शहरात घडतो. तोक्योहून आलेल्या तिरसट मुलीवर आपलं प्रेम होतं हे मुलाला शाळा संपल्यावर कळतं. ‘स्किप अँड लोफर’ची मित्सुमी इशिकावातल्या किनाऱ्यावरच्या खेड्यातून तोक्योला शिकायला जाते. बारावीनंतर पुण्या-मुंबईला जाणाऱ्या आपल्या मुलीच त्या. शिंकाईंच्या सिनेमाचा मधला भाग तानेगाशिमा बेटावर आहे: कानाए ही मुलगी लाटांवर फळी चालवायला शिकते, स्कूटरवरून ताकाकीच्या मागे-पुढे घरी जाते, आज सांगायचंच असं ठरवते, आणि त्याची नजर आपल्या पलीकडे कुठेतरी आहे हे दिसल्यावर सांगत नाही. एवढंच. भाट्याच्या पुलावरून ॲक्टिव्हावर जाणाऱ्या मुलीची ही गोष्ट व्हायला काय हरकत आहे?

म्हणून माझी तक्रार सिनेमावाल्यांपेक्षा लिहिणाऱ्यांकडे आहे. शुची तलाटी यांच्या ‘गर्ल्स विल बी गर्ल्स’ने २०२४मध्ये दाखवून दिलं, की भारतीय शाळेतल्या मुलीचं पहिलं प्रेम तिच्याच बाजूने सांगता येतं. तो सिनेमा इंग्रजी-हिंदीत आहे. मराठीत शाळकरी मुलीने सांगितलेली, ‘शाळा’च्या तोडीची गोष्ट अजून यायची आहे, आणि ती मुकुंदाने लिहून चालणार नाही. रत्नागिरीत, चिपळुणात, दापोलीत वहीच्या मागच्या पानांवर लिहिणाऱ्या मुली असतील. त्यांच्या मराठीच्या बाईंनी एवढं करावं, की ती पानं फाडायला लावू नयेत.

तोवर बघायचं असेल तर ‘त्सुकी गा किरेई’पासून सुरुवात करा. बारा भाग, सगळे मिळून पाच तासांच्या आत संपतात. आईवडिलांनी शेजारी बसून बघितलं तरी लाजायची वेळ येणार नाही. आली तर मुलांपेक्षा त्यांच्यावरच येईल. मग ‘शाळा’, पण कादंबरी आधी आणि सिनेमा नंतर. ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’ सुंदर आहे, मात्र त्यातली शेवटची लग्नाची मागणी मनावर घेऊ नका, पंधराव्या वर्षी असं कुणी विचारत नाही. आणि ‘फाइव्ह सेंटिमीटर्स पर सेकंद’ त्रेसष्ट मिनिटांचाच असला, तरी परीक्षेच्या आदल्या रात्री लावू नका.